चार हजार हर्ट्‌झच्या पुढे

कानांच्या डॉक्टरणीने मला काचेच्या खोलीत बसवलं,
हातात एक बटण दिलं.
"ऐकू आलं की दाबा," म्हणाली, "अंदाज करू नका."
एकतीस वर्षं मी दुसरं केलं तरी काय होतं?
ऐकायचं, बटण दाबायचं,
आणि अंदाजाला मत म्हणायचं.

दर गुरुवारी चार आल्बम. प्रत्येकी एकशे दहा शब्द.
पाचांपैकी तारे.
टांपेरेच्या आमच्या पेपरात शेवटून दुसरं पान,
वर हवामान, खाली श्रद्धांजल्या,
मधे मी.

मेटलवाल्यांना म्हटलंय: उथळ पाणी, म्हणून खळखळाट.
टँगो गाणाऱ्या कौको हिल्टुनेनला म्हटलंय:
याचं दुःख इस्त्री केलेलं आहे.
त्याच्या बायकोचं पत्र आलं होतं,
इस्त्री मीच करते, त्यात तुमचं काय जातं?
(अजून जपून ठेवलंय.)
एका शाळकरी पोरांच्या बँडला दिला होता दीड तारा.
दीड. वरचा अर्धा कशाबद्दल, आता आठवत नाही.

डॉक्टरणीने आलेख पुढे सरकवला.
रेघ बराच वेळ निवांत चालत येते,
तळ्यावर फिरायला निघालेल्या माणसासारखी,
आणि चार हजार हर्ट्‌झपाशी
बर्फ पातळ लागावा
तशी एकदम खाली जाते.
"याच्यापुढचं तुमच्यापर्यंत
दोन-तीन वर्षं तरी पोचत नसणार.
झांजा. स, श. पक्षी."

पक्ष्यांचं मला काही वाटलं नाही.
मी ती दोन-तीन वर्षं मोजत होतो.

त्यातच येते हेर्वांताची पिन्या रौतियो,
वीस वर्षांची, रॅप करणारी,
बापाच्या गॅरेजमधे रेकॉर्ड केलेला पहिला आल्बम, 'तळघर'.
मी लिहिलं होतं: पोरगी गोधडीत तोंड घालून गाते.
शब्दांना कडा नाहीत.
कुणी हिला खिडकी उघडायला सांगेल का?
संपादक ऊर्पो खूष. गोधडीचाच मथळा केला.
दोन तारे.

घरी येऊन जुने अंक काढले.
असे सात निघाले.
'धुरकट', 'मिटलेला आवाज', 'ओल धरलेली वाद्यं',
जॅझ, लोकगीतं, ते तीन अ‍ॅकॉर्डियनवाले भाऊ,
सगळ्यांवर एकच आरोप.
ऐकता येईना मला,
आणि मी लोकांची अंगणं वाकडी ठरवत होतो.

मग यंत्रं आली, वाटाण्याएवढी.
पहिल्या दिवशी माझा कोट बोलला.
कॉफीचं पाकीट किंचाळलं.
वळणावर ट्रामने दातओठ खाल्ले.
मर्यात्ता म्हणाली, आता तरी टीव्ही बारीक कर.

रात्री 'तळघर' लावला.
काय सांगू,
गोधडी नव्हतीच.
प्रत्येक ओळीआधी तिचा श्वास होता,
'स' जिभेवर घासताना उडणारी बारीक ठिणगी होती,
मागे कुठेतरी बापाने पाना खाली ठेवल्याचा आवाज,
जो तिने पुसून टाकला नव्हता.
खिडकी सताड उघडी. मीच बाहेर उभा राहून
पडदा लावलाय म्हणत होतो.

चौथं गाणं मात्र तेव्हाही लांबलेलं होतं, आजही आहे.
त्यात कानाचा दोष नाही.
हे मी बटण दाबून सांगतो.

ऊर्पोला फोन केला. म्हटलं, दुरुस्ती छापायची आहे.
तो म्हणाला, नाव चुकलं, तारीख चुकली तर दुरुस्ती असते,
मत चुकलं तर नसते.
"आणि लिहिणार तरी काय त्यात?"

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलचं कुलूप काढत होतं.
किल्ली. साखळी.
सीटवरून खरवडला जाणारा बर्फ.
मग, गाणं म्हणता येणार नाही अशी, एक शीळ.

"ऊर्पो," म्हटलं, "थांब जरा.
हे संपू दे."