उरवाईची चढण

डबा हेरंबचा. नोएडाहून आला तेव्हा डिकीत होता,
साडेतीन लिटरचा, तळाशी लिटरभर उरलेलं.
"फुल सिंथेटिक आहे, ताई. तुझ्या फटफटीला
असलं तेल जन्मात मिळायचं नाही."
फुकट ते पौष्टिक. आम्ही चिटणीस की गोठची माणसं,
दिवाळीचं उटणं माघापर्यंत पुरवतो.
रविवारी अंगणात जुनं तेल काढलं,
काळं, काढ्यासारखं,
आणि हे ओतलं, मधाच्या धारेनं,
एक थेंब न सांडता.

आठ दिवस गाडी इतकी मऊ चालली
की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

नवव्या दिवशी उरवाई दरवाज्याची चढण,
शाळेच्या घंटेला बारा मिनिटं,
मागे वाचनालयाच्या पुस्तकांची थैली बांधलेली.
मूठ पिळली. इंजिन ओरडलं.
गाडी जागची हलेना.
पुन्हा पिळली, अजून वरच्या पट्टीत ओरडलं.
कडेला खडकातले तीर्थंकर
हात सरळ सोडून उभे,
त्यांना कुठे जायचंच नव्हतं.
मी उतरले. ढकलली.
सातवीतला एक पोरगा मागून जोर लावत म्हणाला,
"मैडम, पेट्रोल ख़तम?"

शिंदे की छावनीत रतीराम कुशवाहचं दुकान.
त्यानं लीव्हर दाबला, सोडला, डबा मागितला.
पुढचं चकचकीत चित्र पाहिलंसुद्धा नाही.
उलटा केला, चष्मा कपाळावरून खाली ओढला,
मागची मुंगीएवढी अक्षरं बोटानं चाचपत गेला,
सोयरीक जुळवताना गोत्र विचारतात तसा.
"जासो नहीं लिखा। देख लो आप।
जे कार को तेल है।"

मग समजावलं, पाना हातात तसाच:
कारमध्ये इंजिनाची चूल वेगळी, गिअरची वेगळी,
आणि क्लच तर कोरडा, सोवळ्यातला.
तुमच्या गाडीत तिघं एकाच कढईत.
इंजिनाला निसटायला हवं,
क्लचला धरायला.
कारच्या तेलात निसटण्याचं औषध जरा जास्त,
पेट्रोल वाचतं त्यानं,
पण तुमच्या प्लेटी एकमेकींना ओळख देत नाहीत.

"तेल वाईट नाही," असंही म्हणाला.
वाईट असतं तर सोपं झालं असतं.

आणि वर स्वतःच सांगितलं, मुरारचा एक दूधवाला
अकरा वर्षं ट्रकचं तेल घालतो,
दोन्हीकडे कॅन लटकवून फिरतो, काही होत नाही.
का होत नाही?
रतीरामनं खांदे उडवले.
"उसकी वो जाने।"

फळीवर बाटली, पावणेचारशेची.
मी स्वतः उलटी करून पाहिली:
जासो, एम-ए-टू. बारीक, पण होतं.
मनात हेरंबचा आवाज, घरचं फुकट,
महिन्याची अठ्ठावीस तारीख.
मग चढणीवरचं ते ओरडणं आठवलं.
नोटा मोजल्या.

मधाची धार पुन्हा उलटी, खाली, पत्र्याच्या तसराळ्यात.
नऊ दिवसांत धड काळवंडलीही नव्हती.
"प्लेटें बच गईं। दो-तीन सौ किलोमीटर
नखरे करेगी, फिर पकड़ लेगी।"

रात्री फोन. "घातलंस ना तेल? पडला फरक?"
"हो," म्हटलं, "खूपच."
उत्तर कुठेही न घासता नोएडापर्यंत गेलं.
तो खूश.
मी अंगठ्याच्या नखातला काळा कोर
हेअरपिननं काढत बसले.

तसराळ्यातलं तेल बाटलीत भरून आणलं होतं.
टाकवेना. फाटकाच्या बिजागऱ्यांना दिलं.
आता कोणी आलेलं कळत नाही.