निळी टोपी

उत्तर फ्रान्समध्ये, बेल्जियमच्या सीमेलगत,
ज्यांना डोंगर म्हणतात ते डोंगर नाहीत.
शंभर वर्षं खाणींतून उपसलेल्या दगडमातीचे ते ढीग,
त्यांच्यावर आता बर्चची झाडं उगवलीत
आणि रविवारी लोक कुत्री फिरवतात.

या नोव्हेंबरात तिथे आगवाले आले.
सात ट्रक, दोन हजार मातीच्या कुंड्या, मेणाची पिंपं,
आणि एक लोखंडी झाड,
पानांच्या जागी पलिते असलेलं.
तिकीट नाही, खुर्च्या नाहीत, पडदा नाही.
वाट चढायची, एवढंच नाटक.
फाटकाशी एक मुलगी प्रत्येकाच्या तळहातावर
काडी ठेवते एकच.
वाटेतली एक कुंडी तुमची, पेटवा.

काझिमीरनं काडी घेतली नाही.
अठ्ठ्याऐंशी वर्षांचा हात आपसूक खिशांवरून फिरला,
आधी डावा, मग उजवा, मग टोपीची घडी.
पाळीवर उतरताना अशीच झडती व्हायची.
काडी सापडली तर आठ दिवसांची मजुरी गेली.
नाही सापडली तर
सगळेच गेले.

लोक चढत होते. चेहरे तांबूस, तोंडं किंचित उघडी.
कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी आवाज खाली आलेले.
जाळाला पाठ करून बसणारं मूल
अजून कुठल्याच आईनं पाहिलेलं नाही.
चटका बसतो, बोट तोंडात जातं,
आणि तेच बोट, अजून ओलं, पुन्हा पुढे होतं.

वळणावर ओली घोंगडी घेऊन उभी होती ओदील वांदाल,
एकतीस वर्षं अग्निशमन दलात, आता निवृत्त,
रात्रीच्या हिशेबानं नेमलेली.
तिनं आयुष्यभर जे विझवलं ते असं
कुंड्यांत बसून शहाण्यासारखं जळताना बघून
तिला काय वाटावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

काझिमीर पहिल्या कुंडीशी वाकला.
ज्योतीच्या टोकाकडे बघितलं, बराच वेळ.
मग दुसरीशी. मग तिसरीशी.
खाली दिव्याची वात बारीक करून
असंच बघायचे ते,
ज्योतीवर फिकट निळी टोपी चढली
की हवेत मृत्यू आहे, आवाज न करता मागे फिरा.

लोकांना वाटलं हाही त्यांतलाच.
किती साधा अभिनय, एक बाई म्हणाली,
आणि फोन वर धरला.
पोरं मागोमाग वाकू लागली, तशीच, गुडघ्यांवर हात ठेवून.
त्यांत यूबा होता. त्याचा आजाही
अल्जेरियाहून येऊन याच खाणीत उतरला होता
आणि त्याबद्दल घरात एक शब्द बोलला नव्हता.
काय शोधताय, यूबानं विचारलं.
टोपी, म्हातारा म्हणाला.
मग यूबाही टोपी शोधू लागला.

ओदीलला मात्र ठाऊक होतं, हा त्यांतला नाही.
सहा नंबरच्या खाणीत आग लागली तेव्हा
वारा तोडायला बोगदा विटांनी बुजवा, हा हुकूम
तिच्या वडिलांचा. पलीकडे चौदा जण होते.
काझिमीर तेव्हा एकोणीस वर्षांचा. विटा त्यानं लावल्या.
तेव्हापासून साहेबांच्या बंगल्यांत आणि मजुरांच्या चाळींत
विस्तव जात नव्हता.
बंगले पडले, चाळी पडल्या. तरी.

शेवटची कुंडी माथ्यावर,
जिथे सहा नंबरचं तोंड काँक्रीटनं बंद केलंय.
काझिमीर वाकला आणि वाकलेलाच राहिला.
वारा नव्हता. ज्योत सरळ.
मग त्यानं हात मागे केला, तळवा उघडा,
आणि पोलिश वळणाच्या फ्रेंचमध्ये हळूच म्हणाला,
मागे.

पोरं खिदळत मागे पळाली.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या पसरल्या उतारभर.
ओदीलनं टाळ्या वाजवल्या नाहीत.
ती चार पावलं मागे सरली, खरोखरची,
शिकल्याप्रमाणे, टाच आधी टेकवत,
आणि घोंगडी उलगडून दोन्ही हातांत धरली.

तो अजून बघत होता.
ज्योत पिवळी होती,
त्याच्या डोळ्यांपुरतं तरी
नुसती पिवळी.