एकास बारा

पातं किती खोल ठेवायचं, हे मी विचारलं नव्हतं.
डेकचं कुजलेलं प्लायवुड कापून काढायचं, एवढंच काम.
तिसऱ्या पट्टीशी करवतीचा आवाज बदलला,
हलका झाला, जवळजवळ खूश,
आणि तरी मी थांबले नाही. वीतभर पुढे गेले.

मग खालून उजेड आला.
'ओबेलीन'च्या पोटात, जिथे छत्तीस वर्षांत
डिझेल आणि शेवंडांचं पाणी सोडून काही शिरलं नव्हतं,
सुतळीएवढी एक सरळ पांढरी रेघ.
डोळा लावला तर शेडची फरशी दिसली,
फरशीवर मांजर.
त्यानंही वर पाहिलं.

सासरे शिडी चढून आले. गुडघा टेकला. बघत राहिले.
(बोटीला बायकोचं नाव देणारा माणूस
अशा वेळी काय म्हणेल, मला ठाऊक नव्हतं.)
"खिडकी छान झालीय," आल्सीद म्हणाले,
"मजला चुकला."

पबनिकोत नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी
सापळे समुद्रात पडतात.
हातात एकोणीस दिवस, आणि शेडमध्ये सहा अंश.

मला वाटलं होतं, भेग म्हणजे भरायची.
लांबी घ्यायची, बोटानं दाबायची,
भिंतीतल्या खिळ्याच्या भोकासारखी.
ते म्हणाले, भरलेलं निघतं. पहिल्याच लाटेला बोट थुंकून टाकते.
बुजवायची तर आधी मोठी कर.
जाडी अर्धा इंच? मग दोन्ही अंगांना सहा-सहा इंच उतार.
एकास बारा.
नव्याला धरायचं तर जुन्यानं तेवढी जागा सोडावी लागते.
हे त्यांनी मोजपट्टीकडे बघत सांगितलं.

मग ग्राइंडर. मास्क, चष्मा, मनगटांना चिकटपट्ट्या,
तरीही काच आत गेलीच.
माझी रेघ झिजत झिजत परातीएवढी झाली,
उतारावर थरांखाली थर दिसू लागले,
कुणीतरी कधीकाळी रोलरनं बसवलेले.
एका थरात एक केस सापडला.
ब्रशाचा असेल. लांब होता, काळा.
पुढच्या फिरकीत गेला.

बाहेरून मेण लावलेली फळी टेकवली.
मोठं ठिगळ आधी की लहान,
यावरून या धक्क्यावर दोन घरांत अकरा वर्षं बोलणं नाही.
आम्ही मोठं आधी घातलं, आणि शेडचं दार लावून घेतलं.

कापड पांढरं असतं. रेझिन पीत पीत दिसेनासं होतं.
बुडबुडे रोलरनं कडेकडेला न्यायचे,
खुराड्याकडे कोंबड्या हाकाव्यात तसे, न घाबरवता.
हार्डनर थोडा जास्त पडला
तर डबा हातातच तापून धुमसतो,
कमी पडला तर मे महिन्यापर्यंत चिकट.
रात्री तापदिवे लावून ते खुर्ची टाकून बसले,
पावाची भट्टी राखावी तसे.
मी दोनदा कॉफी नेली. दोन्ही वेळा थंड झाली.

चौथ्या दिवशी खिशातून नाणं काढलं.
ठिगळावर टकटक, ठिगळाबाहेर टकटक, पुन्हा आत.
एकच आवाज. घट्ट, कोरडा.
मी उठणार, तोच ते रांगत पार नाळेपर्यंत गेले.
"इथे ऐक."
टक.
किंचित भरीव. हातरुमालाएवढी जागा, रंगाखाली.
"ड्रिल. अठ्ठ्याऐंशी साल.
मी नाही."
आणि नाणं खिशात.

रविवारी रेनाल्डचा आल्बर्टाहून फोन आला.
काय नवीन, म्हणाला.
काही नाही, म्हटलं,
कोपराच्या खोबणीत खाजवत,
जिथे काच अजून आहे.