धाव

डार्लिंग्टनच्या चाकखात्यात रेनिसन म्हणाला,
"बोट फिरव."
फिरवलं. कड वस्तऱ्यासारखी,
मधे खळगा, एका जागी सपाट.
शिल्डनच्या उतारावर कुणीतरी
घाबरून ब्रेक दाबला होता.

तीनदा लेथवर चढून उतरलेलं कडं,
आता सोलायलाही अंगावर काही उरलं नव्हतं.

गॅसच्या निळ्या जिभा गोलाकार पेटल्या.
नवं कडं फुगलं. किती?
नखाच्या जाडीएवढं. तेवढं पुरतं.
क्रेनवरून चाक उतरलं, अलगद बसलं,
मग कुणी काही करायचं नव्हतं.
निवू द्यायचं.

रेनिसनने डबा उघडला. पाव, बीट.
बायको फेब्रुवारीत गेल्यापासून
तो स्वतःच भरतो.
"तुमच्याकडे काय म्हणतात ह्याला?"
"धाव. आमचा लोहार गोवऱ्यांच्या जाळात चढवतो.
पळण्यालाही तोच शब्द."
तो चावायचा थांबला.

मग उठून हातोडी मारली. घंटेसारखा नाद.
शेजारच्या जुन्या जोडीवर मारली:
बद्द.
"सुटलीय ही," तो म्हणाला,
"दिसत नाही, पण सुटलीय."
खडूने फुली मारली
आणि उरलेला पाव
तसाच कागदात गुंडाळला.