दुसरा गुरुवार

प्रमाणपत्रावर लिहिलंय : पंचाहत्तर टक्के.
उरलेले पंचवीस कुठं आहेत
सुजलच्या मायनं विचारलं, कोणी सांगितलं नाही.
त्या कागदासाठी पाच बुधवार चंद्रपूर,
दोन एसट्या बदलून,
पोट्टा कडेवर. नऊ वर्षांचा.
दोनदा डॉक्टर रजेवर.

मी आशा. माझ्या रजिस्टरात
लसीचा रकाना आहे, बाळंतपणाचा आहे,
मान न धरणाऱ्या लेकराचा नाही.
मागच्या पानावर पेन्सिलीनं रेघ ओढली,
सात नावं निघाली.
आठवं रीमाचं. तिचा बाप आधी
घरात कोणी नाहीच म्हणाला.

उपकेंद्राला रॅम्प आहे, इतका उभा
की त्यावरून फक्त बकऱ्या चढतात.

तरी फिजिओ मॅडम यायला लागल्या,
महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, स्कुटीवर.
धरून चालायला दांडे नव्हते.
लहानू बुरडानं सुजलला चटईवर निजवून
टाचेपासून कमरेपर्यंत मोजलं, साडेतीन विती,
आणि व्हरांड्यात बांबू बसवले दोन,
गाठी तासून, वर हात फिरवून फिरवून.

आज त्यानं धरले.
पाऊल नाही टाकलं. नुसता उभा राहिला.
अकरा सेकंद; मी घड्याळाकडंच पाहत होते,
म्हणून त्याचं तोंड पाहायचं राहिलं.
माय दारातून ओरडली,
"अवो माय, हा त माह्या खांद्याले लागून रायला!"

नऊ वर्षं तिला त्याचं वजन माहीत होतं,
उंची नव्हती.

मॅडमची बदली होणार म्हणतात.
पुढचा गुरुवार मी पेननं लिहून ठेवलाय.