न घडलेल्याची पाटी

पाटी पितळेची आहे, अक्रोडाच्या फळीवर ठोकलेली.
"अकराशे दिवस. एकही दुखापत नाही."
खाली दुकानाचं नाव, कोस्केला हीटिंग अँड कूलिंग,
त्यातलं एक अक्षर गाळलेलं.

काल रात्री डुलुथच्या हॉटेलात
कोंबडी गार होती, भाषणं लांब,
आणि छतातल्या कुठल्याशा पंख्याचं बेअरिंग
असं कुरकुरत होतं, की ऐन टाळ्यांत
आमच्या सहाही जणांच्या माना वर गेल्या.
फोटोवाला म्हणाला, इकडे बघा.
फोटोत आम्ही सगळे छताकडे बघतोय.

मला भाषण करायचं होतं. केलं नाही.
जे घडलंच नाही
त्याच्याबद्दल काय बोलायचं?

जानेवारीत पारा उणे एकतीसवर होता,
शाळेच्या गच्चीवरचं युनिट बंद,
मुलं कोट घालून वर्गात,
मुख्याध्यापक फोनवर माझ्या नावानं शिमगा करताहेत,
आणि टू गेर व्हांग
शिडीच्या पायथ्याशी निवांत मीठ पसरतोय.
आधी बर्फ, मग दोर, मग दोराची गाठ,
मग तीच गाठ पुन्हा एकदा.
चाळीस मिनिटं.
ती पाटीवर नाहीत.
बिलातही मी ती लावली नाहीत, आणि त्याचं मला
अजून थोडं वाईट वाटतं.

रोझली डिफोनं हॉगनबाईंच्या तळघरात
मीटर वाजताच हातातला पाना खाली ठेवला,
बाईंना सपातांसकट अंगणात नेलं,
परत जाऊन पोपटाचा पिंजरा आणला,
आणि मग भट्टीकडे बघायलासुद्धा गेली नाही
अग्निशमनवाले येईपर्यंत.
पोपट तिला अजून शिव्या देतो, म्हणे.

लोक म्हणतात, काळ आला होता पण वेळ आली नव्हती.
वेळ अशी आपसूक टळत नाही, बाबांनो.
तिला कुणीतरी कुलूप घालतं.
लाल, मुठीएवढं,
स्विचच्या दांडीत अडकवलेलं,
चावी ज्याची त्याच्या खिशात.

बाबांच्या काळात कुलूप नव्हतं. हाक होती.
तळघरातून ओरडायचे, "बंद केलंय रे!"
आणि वरचा माणूस त्या हाकेवर जीव टाकून
तारेला हात घालायचा.
लीलंड माकीनंही घातला.
खाली कुणालातरी दिवा हवा होता, एवढंच.
मी अकरा वर्षांची. त्या रात्री जेवताना
बाबांनी काटा ताटलीत ठेवला
आणि तो पुन्हा उचलला नाही.
दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. महिन्याचे हप्ते होते.

दर ऑक्टोबरात मी स्वतः जाते माकीबाईंकडे,
भट्टीचा फिल्टर बदलते.
पैसे ती विचारत नाही, मी सांगत नाही.
कॉफी पिते. ती विचारते,
"पोरं बरी आहेत ना तुझी?"
मला मूल नाही. तिला ते ठाऊक आहे.
मी म्हणते, सगळी बरी आहेत. सहाही.

आज सकाळी पाटी लावायला
मी ऑफिसातली खुर्ची ओढली, चाकांची,
आणि एक पाय वर ठेवला मात्र,
पूर्ण दुकान अंगावर आलं!
डेलनं शिडी आणली, तिचे पाय उघडून खटका लावला,
टू गेरनं एक बाजू धरली, रोझलीनं दुसरी,
एका खिळ्यासाठी, दीड मीटर उंचीवर,
आणि कुणीही हसलं नाही.

वरून मला त्यांचे वर केलेले चेहरे दिसले.
डेलचं टक्कल, रोझलीच्या भुवईवरची काजळी.
बाबांना वरून कुणाचे चेहरे दिसले असतील
ते मला माहीत नाही.

पाटी वाकडीच लागली.
सरळ करावी म्हणेपर्यंत फोन वाजला,
प्रॉक्टरमध्ये कुणाचीतरी भट्टी विझली होती,
घरात तान्हं मूल.
टू गेरनं किल्ल्या उचलल्या,
कमरेला हात लावून बघितला:
कुलूप आहे.

मी म्हटलं, सावकाश जा रे, रस्त्यावर बर्फ आहे.
तो म्हणाला, हो.
दिवस अकराशे एकावा.