घराले अर्थ नाही

मे महिना. सक्करदऱ्यात दुपारी तीनला
अंगणातल्या पत्र्याखाली माझी येझदी आणि गल्लीतलं एक कुत्रं,
दोघंही सावलीला, दोघंही बंद.

आत रंजना कूलरमध्ये पाणी ओतते अन् ओरडते,
"मारते हो हा अजून!"
मारत नाही, झिणझिण्या येतात, मी म्हणतो,
आणि म्हणता म्हणता हात लावून पाहतो, उलट्या पंज्यानं,
म्हणजे लागलाच करंट, तर मूठ पत्र्याला धरून बसणार नाही.
एवढं तरी शिकलोय.

बाकी माझं सगळं शिक्षण सहा व्होल्टचं.
येझदीच्या तारा मी दातानं सोलतो.
ठिणगी पाडून बॅटरीला विचारतो, आहेस का गं?
हॉर्न वाजेना, तर हॉर्नकडे बघतही नाही.
आधी चेसिसवरचा बोल्ट. पॉलिश पेपर घेऊन
खालचं लोखंड चमकेपर्यंत रंग खरवडायचा,
आवळायचा, बटण दाबायचं.
दहापैकी आठ वेळा ती ओरडतेच.

म्हणून कूलरचाही बोल्ट खरवडला.
पंप बदलला, कॉटन मार्केटातून, तीनशे चाळीसचा.
मेन स्विच पाडून प्लग उघडला, हिरवी तार होती.
बोर्ड उघडला, तिथंही होती.
मीटरपर्यंत एकेक जोड पाहिला,
नाकावरून घाम टपटप स्क्रू-ड्रायव्हरवर,
आणि आतून, दर पाच मिनिटांनी,
"झालं का?"

सहाव्या दिवशी वासुदेव पराते आला.
त्याच्या पिशवीत शंभरचा बल्ब, होल्डर, दोन तारा, बस.
एक तार फेजला, दुसरी न्यूट्रलला: डोळे दिपले.
दुसरी काढून अर्थिंगला: आत नुसती लाल तार,
विझत आलेल्या बिडीसारखी.
पराते उकिडवा बसला होता, तसाच म्हणाला,
"भाऊ, तुमच्या घराले अर्थच नाही."

स्वयंपाकघरातून रंजना जी हसली!
"बावीस वर्षांपासून सांगून राहिली मी यायले."

दोष कूलरचा नव्हताच.
फ्रिजचा थोडा, मिक्सरचा थोडा,
वरच्या टेंभुर्णे सरांच्या इस्त्रीचा थोडा,
असा चुकार करंट हिरव्या तारेत जमलेला,
जायला वाट नाही म्हणून
कूलरच्या पत्र्यावर येऊन उभा.

"खड्डा कुठी हाय?" परातेनं विचारलं.
मी बोट दाखवलं नाही. येझदीकडे पाहिलं.

चार वर्षांपूर्वी तिचं स्टँड मातीत रुतायचं,
म्हणून तिथं मीच काँक्रीट ओतलं.
दोन रविवार, लेव्हल-ट्यूब लावून, गोटी ठेवली तर हलायची नाही.
घर बांधताना मिस्त्री सांगून गेला होता,
खाली कोळसा आहे, मीठ आहे, नळी वर काढली आहे,
उन्हाळ्यात रोज एक बादली, साहेब, विसरू नका.
विसरलो नव्हतो. नळी चार बोटं वर यायची,
कापली होती.

छिन्नी घेतली. पराते सावलीत चहा पीत राहिला,
मदत कर म्हणायची माझी हिंमत नव्हती.
ऑइलच्या डागाच्या मधोमध, सहा वाजता, नळीचं तोंड सापडलं.
पहिली बादली ओतली, आवाजच नाही.
दुसरीला आतून खोलवर गुडूप, एक बुडबुडा.
तिसरी, चौथी, मिठाची अख्खी पिशवी.
कोण किती दिवसांचं तहानलेलं, माझ्या गाडीखाली.

अंधार पडता पडता बल्ब लावला.
पूर्ण नाही, पण पिवळा झाला, मग पिवळ्याचा पांढरा.
"ईएलसीबी बसवून घ्या," पराते म्हणाला,
"नुसत्या पाण्याच्या भरवशावर राहू नका."
दोनशे घेतले, माझ्याकडे पाहून पन्नास परत केले.

आता येझदी जरा वाकडी उभी असते, भोकाच्या कडेला.
रात्री आधी खड्ड्यात बादली, मग कूलरमध्ये.
झिणझिण्या नाहीत. मी सरळ हात ठेवून दाखवतो,
पूर्ण पंजा, हे बघ.

रंजना बघते. बरं म्हणते.
आणि जाता जाता कूलरला हात लावते,
उलट्याच पंज्यानं.